आत्याबरोबर तीन दिवस: कान्हेरी, सोपारा आणि पारसिक हिल

परत येऊन आठ दिवस झाले, लिहीन लिहीन म्हणता राहूनच जात होतं, आज बसलेच एकदाची. खरं तर याला ट्रिप म्हणावं का हाच प्रश्न आहे, कारण रोज रात्री झोपायला आम्ही ठाण्यातच होतो, कोपरीत आत्याच्या घरी, अर्धवट बांधलेल्या खोक्यांच्या मधे गादी टाकून.

आत्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. 31 जानेवारीपर्यंत घर रिकामं करून चावी द्यायची, मग नवीन बिल्डिंग होईपर्यंत बदलापूरला भाड्याने. आवरायला मदत म्हणून मी शुक्रवारची सुट्टी टाकली आणि गुरुवारी रात्री ऑफिसमधून थेट तिच्याकडे गेले, तर बाई म्हणतात, "आवरायचं काय गं, ते रात्री आवरू. दिवसा मला फिरायचंय. बदलापूरला गेले की गुडघे मला तिथेच बसवून ठेवतील." यादी तयारच होती. शुक्रवारी कान्हेरी, शनिवारी सोपारा, रविवारी पारसिक हिलला एक दिवसाचं विपश्यना शिबिर.

आत्या 71 ची. शाळेत शिकवून रिटायर झाली, काका जाऊन दोन वर्षं झाली. बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, रोज सकाळी त्रिशरण पंचशील, विपश्यनेची, म्हणजे ध्यानाची, दहा दिवसांची दोन शिबिरं झालेली. त्यामुळे आमच्या घराण्यात सगळ्यांचं ठाम मत आहे की आत्याला कशाचाच मोह नाही. काही वाटून घ्यायचं असलं की "आत्याला काय, तिला काही नकोच असतं" असं म्हणून तिला शेवटी विचारतात, आणि गंमत म्हणजे मी पण त्यातलीच. आधीच सांगून टाकते, मदतीला गेले त्यात तिच्या सागवानी कपाटावर माझा डोळा होता. आमच्या हॉलमध्ये कुठे बसेल याचं माप मनातल्या मनात घेऊन झालेलं.

शुक्रवार, कान्हेरी

येऊरच्या डोंगराच्या पलीकडेच कान्हेरी. जंगल एकच, पण ठाण्याच्या बाजूने लेण्यांकडे जायला वाट नाही, घोडबंदर रोडने अख्खा वळसा घालून बोरिवली गाठावं लागतं. खालून 11.8 किलोमीटरचा ठाणे-बोरिवली बोगदा होतोय म्हणे, तो होईल तेव्हा होईल, आम्ही आपलं बसने गेलो. नॅशनल पार्कच्या गेटवरून लेण्यांपर्यंत पार्कची बस मिळते, तीच घ्या, सहा-सात किलोमीटर आहे आणि ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर चालायचा हट्ट नको. आणि सोमवारी पार्क बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

सकाळी मस्त थंडी होती. पायऱ्यांपाशी एक मावशी मीठ-तिखट लावून पेरू विकत होत्या. मी एक घेतला, दोन घास खाल्ले आणि तिसऱ्या घासाला माकडाने हातातून नेला. इतक्या शांतपणे नेला की ओरडायचं पण सुचलं नाही. आत्या म्हणाली, "बघ, तुझ्याकडून दान झालं." मी दुसरा घेतला तर तोही नेला. मग मावशींनीच मला आपल्या पाठीमागे बसवलं आणि काठी हातात धरून तिसरा खायला लावला. पैसे तिन्ही पेरूंचे घेतले, बरोबरच आहे.

लेणी शंभराच्या वर आहेत. सगळे लोक तिसऱ्या नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या मोठ्या लेण्यात, फोटो काढून परत फिरतात. ते आहेच भव्य, व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सात मीटरच्या आसपास उंचीचे उभे बुद्ध, आत खांबांच्या रांगा आणि शेवटी स्तूप. पण आत्याला बघायची होती भिक्खूंची राहायची लेणी. वर चढत जायचं, दम लागला की बसायचं, असं करत आम्ही अशा एका लेण्यात गेलो. बाहेर छोटा व्हरांडा, आत खोली, खोलीत दगडातच कोरलेला झोपायचा ओटा, शेजारी पाण्याचं टाकं. झालं घर.

आत्याने खोलीत उभं राहून चारी भिंती बघितल्या आणि म्हणाली, "कार्पेट एरिया किती असेल गं?"

मी इतकी हसले की आवाज घुमला. गेलं वर्षभर सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेच चाललंय ना, कार्पेट किती, वाढीव किती, कुणाला किती. मग तिने ओट्यावर बसून भिक्खूचं सामान मोजून दाखवलं, शाळेत पाढे म्हणून घेतात तसं. तीन चीवरं म्हणजे अंगावरची वस्त्रं, एक भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरेचा पट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. आठ वस्तू, बास. मी म्हटलं तुझ्या किचनमध्ये नुसत्या किसण्याच पाच निघाल्यात काल रात्री. म्हणाली, "त्यातली एक तुझ्या आईची आहे, ती घेऊन जा."

पाण्याच्या टाक्यांचं मला फार आवडलं. डोंगरावरचं पावसाचं पाणी दगडात खोदलेल्या चरांतून खाली टाक्यांत उतरवलंय. इथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हणतात, आणि कुणी कुणी दान दिलं तेही कोरलेलं आहे, कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याची माणसं. म्हणजे वर सगळं सोडून बसलेले भिक्खू आणि खाली बंदरात माल विकून पैसे कमावणारे लोक, दोघांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं. दानाची एक पद्धत तर ऐकण्यासारखी आहे, 'अखयनीवी', म्हणजे मुद्दल हात न लावता ठेवायचं आणि व्याज भिक्खूंच्या संघाला द्यायचं. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्याने 2000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघटनेकडे, महिना शेकडा एक दराने ठेवले आणि त्याच्या व्याजातून 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण कपड्यासाठी द्यायची सोय केली. हिशोब करून बघा, वर्षाला 240, पैशाला पैसा जुळतो.

मी हे मोबाईलवर वाचून दाखवलं तर आत्याची पहिली प्रतिक्रिया, "वर्षाला 12 टक्के? कुठली बँक?"

तिथेच मी तिला विचारलं, जे खूप वर्षं विचारायचं होतं. म्हटलं आत्या, इच्छा सोडा, इच्छा सोडा हे ज्याच्याकडे आहे त्याला सांगणं ठीक आहे, पण आजोबांनी तुम्हा भावंडांना शिकवायची इच्छाच धरली नसती तर? ज्याला कधी काही मिळालंच नाही त्याला कसलं सोडायला सांगता? तिला राग येईल असं वाटलं होतं, पण तिने पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले. म्हणाली, "पालीत दोन शब्द आहेत, छंद आणि तण्हा. छंद म्हणजे काही करायची ओढ. आजोबा रात्रपाळी करून आम्हाला शाळेत सोडायला यायचे ती ओढ. ती सोडा असं कुणी सांगितलं तुला? तण्हा म्हणजे तहान, कितीही प्यायलं तरी घसा कोरडाच. मी हेडमास्तर व्हावं म्हणून चार वर्षं रात्रीची झोपले नाही ना, ती." आणि मग म्हणाली की चार आर्यसत्यांवर (दुःख, त्याचं कारण, त्याचा अंत आणि त्या अंताचा मार्ग) खुद्द बाबासाहेबांनीच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत प्रश्न विचारून ठेवलेत, तू पण विचार, पण पुस्तक वाचून विचार. शिक्षिका शेवटी!

हेडमास्तरचं मला माहीतच नव्हतं. घरात कुणालाच नसावं.

शनिवार, सोपारा

आधी बस, मग बोरिवलीहून विरार लोकल. शनिवार म्हणून गर्दी कमी असेल हा माझा अंदाज साफ चुकला. लेडीज डब्यात आत्याला सीट मिळाली, चौथी, म्हणजे अर्धी बाहेर. दारात दोन बायकांचं जोरात जुंपलेलं, "धक्का का मारला" वगैरे, आणि आत्याने नेमकी तेव्हाच मला पुण्णाची गोष्ट सांगायला घेतली. पुण्ण हा भिक्खू सुनापरांताला, म्हणजे परंपरेने या सोपाऱ्याकडच्या मुलखात निघाला होता. बुद्ध त्याला म्हणाले, तिथले लोक फार तापट आहेत, शिव्या दिल्या तर? म्हणाला, हाताने मारत नाहीत म्हणजे चांगलेच आहेत म्हणेन. हाताने मारलं तर? ढेकळं फेकत नाहीत. ढेकळं फेकली तर? काठीने मारत नाहीत. काठीनंतर शस्त्र, शस्त्रानंतर जीव, असं शेवटपर्यंत जातं. बुद्ध म्हणाले, जा, तू तिथे राहू शकशील.

समोरच्या सीटवरची एक मुलगी इअरफोन काढून ऐकत होती. म्हणाली, "काकू, रोज विरार लोकल करणारा माणूस वाटतोय." आख्खा डबा हसला, भांडणाऱ्या दोघींपैकी एक पण.

नालासोपारा वेस्टला उतरून रिक्षा केली. इथे टीप, रिक्षावाल्याला 'स्तूप' सांगा, नाहीच कळलं तर 'बुरुड राजाचा कोट', या जुन्या नावानेही जागा ओळखतात. जाताना दोन्हीकडे नुसत्या बिल्डिंगी, आणि मग एकदम झाडं, मोकळी जागा आणि विटांचा मोठा ढिगारा. कान्हेरी बघून आल्यावर पहिल्यांदा थोडा हिरमोड होतो हे खरं सांगते. सुबक असं काही नाही, मोठमोठ्या विटा, गवत, सावली. पाच-सहा बाया पांढऱ्या साड्या नेसून वंदना घेत होत्या, आत्या न विचारता त्यांच्यात जाऊन बसली आणि सूर मिळवला. मी बाजूला उभी. मला पाठ आहे, पण मोठ्याने म्हणायची सवय गेलीय.

आता या ढिगाऱ्यातून काय निघालं ते ऐका. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा स्तूप उकरला. मधोमध दगडाची पेटी मिळाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या धातूच्या मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा, त्याच्या आत सोन्याचा. बरोबर सोन्याची फुलं. आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या डबीत? मातीच्या भांड्याचे 13 बारीक तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. आता हे सगळं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच साली सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि 1956 मध्ये नवव्याचा. हे दुसरं साल ऐकून आत्याने मान डोलावली, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचं साल.

मी म्हटलं हे जरा विचित्र नाही का, ज्या माणसाने राजवाडा सोडला आणि हातात मातीचं भांडं घेतलं, त्याच्या खापराला पाच-पाच डबे, तेही सोन्याचे? वंदना घेणाऱ्यांतल्या एक आजी पटकन म्हणाल्या, श्रद्धा असते बाई. आत्या चपला घालता घालता म्हणाली, "भिक्षापात्र बुद्धाचं, डबे आपले."

नंतर रिक्षा स्टँडजवळ एका बाईकडे सुकेळी मिळाली! वसईकडची वाळवलेली केळी, सोपटात गुंडाळलेली, हल्ली सहज दिसत नाही, दिसली तर भाव न करता घ्या. मधासारखी लागते. दोन जुड्या घेतल्या, एक ट्रेनमध्येच संपली आणि दुसरी मी कपड्यांच्या पिशवीत खाली दाबून ठेवली, भाचरांना दाखवायची नाही म्हणून. हे लिहितानाही लाज वाटत नाहीये.

रात्री पलंगाखालची पेटी काढली. ॲल्युमिनियमची, काकांची, ते वागळे इस्टेटला कामाला असतानाची. कुलूप नव्हतं, पण सुतळीने बांधलेली. आत एक छोटी सुटकेस. सुटकेसमध्ये लाल पत्र्याचा बिस्किटांचा डबा. त्या डब्यात रुमालात गुंडाळलेला श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा. तोपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो होतो, सकाळचंच आठवून. पण हात तिचे थरथरत होते, ते मी बघितलं. झाकण घट्ट बसलेलं, मी चमच्याने उचकटलं.

आत चाव्या होत्या. अकरा चाव्या, एकीला निळा दोरा. कुठल्या कुलपांच्या, देव जाणे. आत्याने एकेक उचलून घराच्या दाराला, कपाटाला, गॅलरीच्या जाळीला लावून बघितली, अगदी शेजारच्यांच्या मीटर बॉक्सला सुद्धा. रात्री साडेअकरापर्यंत. एकही लागली नाही.

"टाकू?" मी विचारलं.

"असू दे. लागतील." म्हणून तिने डबा परत रुमालात गुंडाळला. आणि खोक्यावर मार्करने लिहिलं, 'महत्त्वाचे'. झोपताना अंधारात आपली आपण पुटपुटत होती, तण्हाय जायती सोको, तण्हाय जायती भयं. तृष्णेतून शोक, तृष्णेतून भीती. मी झोपल्याचं नाटक केलं.

रविवार, पारसिक हिल

ठाण्याहून पनवेल ट्रान्स हार्बर, बेलापूरला उतरलो, पुढे रिक्षाने वर डोंगरावर. तिथलं विपश्यना केंद्र, धम्म विपुल. एक दिवसाचं शिबिर जुन्या साधकांसाठीच असतं, म्हणजे आधी दहा दिवसांचं पूर्ण केलेल्यांसाठी, त्यामुळे मला आत जायचंच नव्हतं. आत्याने सकाळी तिचा फोन माझ्याकडे दिला आणि गेटमधून आत गेली, मागे वळून सुद्धा बघितलं नाही. लहान मुलाला पहिल्यांदा शाळेत सोडल्यासारखं मलाच वाटलं.

ज्यांना दहा दिवसांचं करायचं मनात असेल त्यांच्यासाठी थोडक्यात, आत्याकडून ऐकलेलं. फी नाही, राहणं-जेवण सगळं आधीच्या साधकांच्या दानातून, आणि तुम्ही दान द्यायचं ते शिबिर पूर्ण झाल्यावरच. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. पहिले तीन दिवस नुसता श्वास, आनापान. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. बोलायचं नाही, फोन नाही, पुस्तक नाही, वहीपेन नाही. संध्याकाळी नवीन लोकांना चहा-कुरमुरे मिळतात, जुन्यांना लिंबूपाणी. आत्या म्हणते दुसऱ्या शिबिरात बाकी सगळं जमलं, पण शेजारणीच्या कुरमुऱ्यांचा आवाज सहन होत नव्हता.

मूळ गोष्ट काय, तर आधी स्पर्श, स्पर्शातून वेदना, म्हणजे सुखाची नाहीतर दुःखाची जाणीव, त्यातून तृष्णा आणि मग ते घट्ट धरून ठेवणं, उपादान. नाकावर खाज सुटली की खाज ही वेदना, आणि "कधी एकदा खाजवते" ही तृष्णा. त्या दोन्हींच्या मधल्या फटीत बसून बघायचं, खाज आपोआप जाते का. मी खाली उतरून एका झाडाखाली कट्ट्यावर बसून करून बघितलं. डास बसला. तीन श्वास टिकले.

आणि सव्वाबाराला आत्याचा फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर लॉटरीचा निकाल! कुणाला कितवा मजला. वर्षभर आत्या एकच म्हणत होती, मला दुसराच मजला हवा, पश्चिमेची खिडकी, जिथून आता जांभळाचं झाड दिसतं. काकांची खुर्ची त्या खिडकीशी असायची. कमिटीवाल्यांनी मान डोलावून डोलावून शेवटी लॉटरीच काढली. मेसेज उघडला. नववा मजला, रेल्वेच्या बाजूला.

पाच तास ती बातमी मी पोटात घेऊन पारसिक हिलवर फिरले. वरून बेलापूर दिसत होतं, पलीकडे खाडी, ऊन चढलं होतं. एका टपरीवर दोन वडापाव खाल्ले, भूक नसताना. चहावाल्या काकांनी विचारलं, शिबिराला कोणी आलंय का? म्हटलं हो, आत्या. म्हणाले, "जाताना सगळे घाईत असतात, येताना हळू चालतात." मी मनात वाक्यं जुळवत होते, वरच्या मजल्यावर हवा छान असते, डास कमी. मधेच जाणवलं की नवव्या मजल्याच्या लिफ्टमधून ते सागवानी कपाट जाणार नाही, म्हणजे आता ते माझ्याकडेच येणार. असा विचार आला, तोही विपश्यना केंद्राच्या बाहेर बसून.

आत्या आली, खरंच हळू चालत. चेहरा इतका मऊ झाला होता की मला सांगवेना. रिक्षात नाही सांगितलं, स्टेशनवर नाही सांगितलं, नेरूळ गेल्यावर फोन हातात दिला. चष्मा वर करून वाचलं तिने. मला वाटलं आता अनिच्च, अनिच्च म्हणेल, म्हणजे सगळं अनित्य आहे.

"नववा?? मी मीटिंगमध्ये तीनदा लिहून दिलं होतं!" आणि लगेच सेक्रेटरींना फोन. तुर्भे गेलं, कोपरखैरणे गेलं, घणसोली गेलं, आत्याचा आवाज चढतोच आहे, अदलाबदल करून द्या, वरिष्ठ नागरिक आहे, गुडघे आहेत, लेखी देते. दिवसभराची शांतता रबाळ्यापर्यंत पुरली नाही. फोन ठेवला तेव्हा घाम आला होता तिला. मग स्वतःच हसली थोडीशी, पदराने चेहरा पुसला, डोळे मिटून बसली. ऐरोली आलं.

डोळे न उघडताच म्हणाली, "आणि जांभळाचं काय करणारेत?"

मला माहीत होतं. प्लॅन माझ्याच लॅपटॉपवर होता. "तिथे पार्किंग येतंय, आत्या. झाड नाहीये नवीन प्लॅनमध्ये."

बराच वेळ काही बोलली नाही. दिघा गाव गेलं. मी तिचा हात धरला, तिने धरू दिला. मग पर्समधून फोन काढला, परत सेक्रेटरींना लावला. आवाज आता एकदम शाळेतला, शांत. "हां भाऊ, मीच. ते अदलाबदलीचं राहू द्या. नववा चालेल मला... नाही नाही, चालेल. फक्त एक विचारायचं होतं, मला पार्किंग मिळेल ना एक?"

"आत्या, तुझ्याकडे गाडी कुठाय?" मी कुजबुजले.

तिने फोनवर हात ठेवला. "असू दे गं. लागेल."